गोळीच्या जोडीला माणूसही हवा

भिलाईच्या सेक्टर ६ मध्ये दिवस पाळ्यांवर चालतो. एका क्वार्टरमधून पहाटे कोणी ड्यूटीसाठी स्कूटर बाहेर काढतो, आणि थोड्याच वेळात शेजारच्या क्वार्टरमधला माणूस रात्रपाळी संपवून परततो, खिडक्यांचे पडदे ओढून झोपायच्या तयारीला लागतो. १९५५ सालच्या भारत-सोव्हिएत करारातून इथला पोलाद कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे इथे राहायला आली. विदर्भ शेजारीच असल्याने मराठी कुटुंबेही आली. सरळ रस्ते, दाट झाडी, एकसारखी घरे, हाकेच्या अंतरावर शाळा, बाजार आणि दवाखाना. अशा नीटनेटक्या वसाहतीत कुणाला काय कमी असणार, असे बाहेरून पाहणाऱ्याला वाटते.

अशाच एखाद्या क्वार्टरमधली एक गृहिणी डोळ्यांसमोर आणावी. वय पन्नाशीच्या आसपास, माहेर विदर्भातले. यजमान रेल मिलमध्ये, निवृत्तीला दोन वर्षे उरलेली. मुलगा बंगळूरला, मुलगी पुण्याला. वर्षापूर्वी आई गेली, तेव्हापासून माहेरचे जाणेही कमी झाले. गेले तीन महिने तिला पहाटे तीनलाच जाग येते. चहाला चव लागत नाही. हळदीकुंकवाचे बोलावणे आले तरी उठून जावेसे वाटत नाही. अंग दुखते, छातीत धडधडते म्हणून ईसीजी काढला, तर तो स्वच्छ आला.

तिच्याभोवतीची माणसे वाईट नसतात. प्रत्येक जण आपल्या परीने उपाय सांगतो. यजमान म्हणतात, ‘‘घरात बसून बसून असं होतं. मनावर घेऊ नकोस.’’ फोनवर नणंद म्हणते, ‘‘वहिनी, रोज थोडा वेळ देवाजवळ बसत जा.’’ शेजारचा शिकलेला मुलगा सांगतो, ‘‘काकू, मेंदूत एक केमिकल कमी झालं की असं होतं. गोळी घेतली की भरून निघतं.’’

पहिले दोन सल्ले आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दिले जातात. तिसरा सल्ला नवा आहे, शास्त्रीय वाटतो आणि त्यामुळे पटकन पटतो. नैराश्य हा खरा आजार आहे, हे सांगण्यापुरता तो योग्यही आहे. पण ‘केमिकल कमी झाले’ हे कारण मात्र तितकेसे खरे नाही.

केमिकलची गोष्ट आली कुठून?

या गोष्टीचे एक टोक चक्क आपल्याच जंगलात सापडते. सर्पगंधा ही वनस्पती मध्य भारताच्या वनांत, छत्तीसगडच्या रानातही आढळते. तिची मुळी वैदू फार पूर्वीपासून वापरत आले. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती वाढलेल्या रक्तदाबावर वापरून पाहिली आणि १९४९ साली आपले निष्कर्ष ब्रिटनमधल्या हृदयरोगाच्या नियतकालिकात छापले. जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील शास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसरपिन हे द्रव्य वेगळे काढले.

रेसरपिनने रक्तदाब उतरला, पण ते घेणारे काही रुग्ण खिन्न झाल्याचे डॉक्टरांना दिसले. प्रयोगशाळेत कळले, की या द्रव्यामुळे मेंदूतील सिरोटोनिनसारख्या रसायनांचा साठा घटतो. त्याच सुमारास क्षयरोगासाठी दिलेल्या इप्रोनियाझिड या औषधाने काही रुग्ण उत्साही झालेले आढळले, आणि ते औषध ही रसायने टिकवून धरते असेही लक्षात आले. दोन टोके जुळली. रसायन घटले की उदासी, वाढले की उत्साह! १९६५ साली अमेरिकेत हा विचार सिद्धांत म्हणून रीतसर मांडला गेला. १९८७ च्या अखेरीस फ्लुओक्सेटिन या गोळीला तिथे मान्यता मिळाल्यावर तो घरोघर पोहोचला.

सिद्धांत सुटसुटीत होता. पण पुढच्या तपासणीत त्याचे टाके उसवू लागले. रेसरपिनमुळे नैराश्य येते, हा पुरावाच कच्चा असल्याचे दिसले. गोळी घेतल्यावर रसायनाची पातळी काही तासांत बदलते, मग मन सुधारायला दोन-चार आठवडे का लागतात, या प्रश्नालाही नीट उत्तर मिळेना. २०२२ साली लंडनच्या जोआना मॉनक्रिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिरोटोनिनवरच्या अनेक वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला. नैराश्य सिरोटोनिनच्या कमतरतेमुळे येते याला सुसंगत पुरावा नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यावर वाद झाला. तरीही मेंदूचे काम इतके सरळ नाही, हे तर बहुतेक मनोविकारतज्ज्ञ आधीपासूनच मान्य करत होते.

इथे एक घोटाळा टाळायला हवा. कारण चुकीचे ठरले म्हणून औषध निरुपयोगी ठरत नाही. ताप उतरवणारी गोळी काम करते, पण ताप काही त्या गोळीच्या कमतरतेने येत नाही. २०१८ साली २१ नैराश्यविरोधी औषधांच्या ५२२ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. त्यांत एक लाखाहून अधिक रुग्ण होते. ही सर्व औषधे नकली गोळीपेक्षा सरस ठरली, मात्र सरासरी फरक बेताचा होता. म्हणजे गोळीचा उपयोग होतो, पण सर्वांना सारखा होत नाही, आणि एकट्या गोळीवर सगळा भार टाकण्याइतका तर नाहीच.

मूळ कुठे शोधायचे?

लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन आणि टिरिल हॅरिस या दोन संशोधकांनी कॅम्बरवेल भागातल्या स्त्रियांच्या घरी जाऊन सविस्तर मुलाखती घेतल्या. १९७८ साली त्यांचे पुस्तक आले. नैराश्य आलेल्या बहुतेक स्त्रियांच्या आयुष्यात त्याआधी काही तरी मोठे घडले होते, किंवा एखादी अडचण दीर्घ काळ साचलेली होती. जवळचे माणूस गेले होते, घर सुटले होते, संसारात तडा गेला होता.

पण असे दुःख वाट्याला आलेली प्रत्येक स्त्री आजारी पडली नव्हती. कोणाला धोका अधिक? जिला मन मोकळे करण्याजोगे जिव्हाळ्याचे माणूस नव्हते तिला. जिच्या पदरात चौदा वर्षांखालची तीन किंवा अधिक मुले होती तिला. जिला घराबाहेर काम नव्हते तिला. आणि जिने लहानपणीच, अकरा वर्षांची होण्याआधी, आई गमावली होती तिला.

आपल्याकडेही असेच दिसले. गोव्यात नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. सुमारे चौघींमागे एकीत नैराश्य आढळले. घरातली उपासमार, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी झाली म्हणून आलेली नाराजी यांचा त्याच्याशी संबंध होता. या बाईच्या मेंदूतील रसायनाचा विचार करायचा आणि तिच्या ताटात काय पडते हे पाहायचेच नाही, हे उपचाराचे लक्षण नव्हे.

हे सारे डोळ्यांपुढे ठेवून सेक्टर ६ कडे पुन्हा पाहिले तर चित्र बदलते. कारखान्याच्या वसाहतीत घर नोकरीबरोबर मिळते. त्यामुळे निवृत्ती जवळ आली, की पगाराच्या जोडीला घर, शेजार आणि तीस वर्षांची ओळख हे सगळेच हातून निसटण्याची भीती असते. इथल्या मुलांनी पुढे जावे म्हणून आईबापांनी जिवाचे रान केले. मुले पुढे गेली आणि दूरही गेली. रात्रपाळीच्या माणसाची झोप वर्षानुवर्षे मोडते आणि मोडलेली झोप मन पोखरते. शिवाय भाषेचा प्रश्न असतोच. बाजारात, बँकेत, शेजारी हिंदी चालते, पण आई गेल्याचे दुःख मराठीतच बोलावेसे वाटते. ते ऐकणारे माणूस त्या ओळीत दुसरे नसले तर ते आतच राहते.

अनेकदा मूळ शरीरातही असते. थायरॉईड मंदावणे, रक्तक्षय, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मधुमेह, रजोनिवृत्तीचा काळ, काही औषधांचे परिणाम, रोजची दारू, यांनीही मन खचते किंवा खचल्यासारखे दिसते. म्हणून पहिली भेट डॉक्टरांकडेच हवी, आणि ईसीजी चांगला आला म्हणून तपास तिथेच थांबवू नये.

गोवा आणि अमरावतीने काय दाखवले?

कारणे अनेक असतील तर उपचारही एकाच साच्याचे असून चालणार नाहीत. पण आपल्याकडे मानसतज्ज्ञ आहेत किती? निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्ये होती आणि छत्तीसगड त्यांपैकी एक होते. वीस प्रौढांमागे एकाला आयुष्यात केव्हा तरी नैराश्य गाठते आणि अशा दर १०० रुग्णांपैकी सुमारे ८५ जणांना उपचारच मिळत नाहीत, असे त्यातून दिसले.

ही दरी भरण्याचा एक मार्ग गोव्यात सापडला. डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगत’ या संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक बनवले. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर त्यांची पद्धत पारखली गेली. उपचार म्हणजे सहा ते आठ भेटी, प्रत्येक भेट अर्ध्या-पाऊण तासाची, दवाखान्यात किंवा रुग्णाच्या घरी. २०१७ साली निकाल छापून आले. तीन महिन्यांनी या भेटी मिळालेल्या रुग्णांपैकी ६४ टक्के आजारातून बाहेर आले होते. आरोग्य केंद्राच्या नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. वर्षभरानंतरही फायदा टिकून होता.

या भेटींत जादू काहीच नव्हती. नैराश्यात माणूस आवडीची कामे सोडतो. कामे सुटली की आनंदाचे क्षण संपतात, आणि ते संपले की आणखी काही करवत नाही. हे चक्र उलटे फिरवायचे. ‘बरे वाटले की बागेत जाईन’ असे न म्हणता, बरे वाटत नसतानाच दहा मिनिटे बागेत जायचे. समुपदेशक रुग्णाबरोबर बसून अशी छोटी कामे ठरवतो, पुढच्या भेटीत विचारपूस करतो, आणि ज्या अडचणीने मन खचले तिच्यावर कोणता तोडगा निघेल हेही पाहतो.

दुसरा धडा विदर्भातला आहे. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ हा प्रकल्प चालला. गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्या घरोघर जाऊन बोलत, गरज पडली तर समुपदेशकाकडे आणि पुढे मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवत. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी जेमतेम ४.३ टक्के लोक मदत घेत होते. अठरा महिन्यांनी हे प्रमाण २७.२ टक्के झाले. ज्या जिल्ह्याचे नाव शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांतच वाचायला मिळे, तिथल्या बायाबापड्यांनी हे करून दाखवले. दूरच्या झिंबाब्वेतही डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून आजीबाईंना शिकवून दवाखान्याच्या अंगणातल्या बाकावर बसवले. आजीने ऐकायचे आणि अडचणीतून वाट काढायला मदत करायची. तो प्रयोगही चाचणीत यशस्वी ठरला.

पर्यायी उपचार : कोणते खरे, कोणते जपून?

व्यायाम हा यांतला सर्वांत भरवशाचा उपाय. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात पन्नाशीपुढच्या १५६ रुग्णांवर केलेला अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून तीनदा व्यायाम करणारे आणि औषध घेणारे यांच्यात सोळा आठवड्यांनी जवळपास सारखीच सुधारणा दिसली. औषधाचा परिणाम लवकर दिसू लागला, एवढाच फरक. सेक्टरच्या सावलीच्या रस्त्यावर सकाळी कुणाच्या तरी सोबतीने झपझप चालणे याला पैसे लागत नाहीत. भिलाईच्या उन्हाळ्यात मात्र ते ऊन चढायच्या आत उरकावे.

योगासने आणि प्राणायाम यांचा सौम्य व मध्यम नैराश्यात मुख्य उपचाराला जोड म्हणून फायदा होतो, असे अनेक अभ्यास सांगतात. झोपेची वेळ सांभाळणे, संध्याकाळनंतर चहा-कॉफी टाळणे, रात्रपाळी करणाऱ्याने दिवसा अंधाऱ्या, शांत खोलीत सलग झोप घेणे, हेही उपचारच आहेत. विचारांच्या चुकीच्या सवयी बदलायला शिकवणारी मानसोपचार पद्धत तर जगभर औषधाच्या बरोबरीची मानली जाते.

वनस्पतींबाबत मात्र सावध असावे. सेंट जॉन्स वर्ट हे विदेशी झाड सौम्य नैराश्यात काहींना उपयोगी पडते. पण ते गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ ठेवणारी औषधे आणि खुद्द नैराश्याच्या गोळ्या यांच्याशी भिडते. त्यामुळे डॉक्टरांना न विचारता ते घेऊ नये. अश्वगंधेवरचे अभ्यास अजून लहान आहेत. सर्पगंधा तर उदासीवर मुळीच नको, कारण ती रक्तदाब खाली आणते. बैगा-गुनियाकडे जाणाऱ्याला तिथे कोणी तरी आपले ऐकते, एवढा दिलासा मिळत असेल. पण उपास, धूर, मारझोड असे काही सुरू झाले किंवा त्या नादात महिने गेले, तर आजार हाताबाहेर जातो.

गोळी केव्हा हवीच?

खाणेपिणे सुटले, अंथरूण सुटेना, भास होऊ लागले किंवा मरणाचे विचार येऊ लागले, तर मनोविकारतज्ज्ञाची भेट लांबवू नये. अशा वेळी औषध लागतेच, आणि अतितीव्र आजारात विजेचे उपचारही जीव वाचवतात. आज ते भूल देऊन केले जातात. गोळीचा गुण यायला काही आठवडे जातात, तोवर धीर धरावा. बरे वाटले म्हणून ती एकाएकी बंद करू नये. अचानक बंद केली तर चक्कर, अस्वस्थता, झोप उडणे असे त्रास होतात. डोस डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवायचा असतो. हा लेख वाचून आज कोणी गोळी सोडली तर त्याचा उलटाच अर्थ घेतला असे होईल.

मरणाच्या विचारांविषयी विचारले तर ते डोक्यात शिरतील, ही समजूत चुकीची आहे. ‘‘जीव नकोसा वाटतो का?’’ असे घरच्यांनी शांतपणे विचारावे. विचारल्याने माणसाला हलके वाटते आणि मदतीची वाट मोकळी होते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०१९ साली देशात लाखामागे १०.४ आत्महत्या नोंदल्या गेल्या, तर छत्तीसगडात २६.४. प्रत्येक घटनेमागे नैराश्यच असते असे नाही, पण या राज्यातल्या घरांनी असे बोलणे टाळून चालणार नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार न मानता, तो तीव्र ताणाखाली होता असे धरून त्याची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे.

घरच्यांनी काय करावे?

आता त्या क्वार्टरमधल्या गृहिणीचा विचार करू. तिला ‘मनावर घेऊ नकोस’ सांगणाऱ्या यजमानांनी तिला आधी सेक्टर ९ च्या कारखान्याच्या रुग्णालयात न्यावे. थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासून घ्यावे. मनोविकारतज्ज्ञांनी गोळी दिली तर ती नियमित द्यावी. अधिक गरज पडली तर रायपूरला एम्स आहे. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही बोलता येते, आणि ज्या भाषांत ती चालते त्यांत मराठीही आहे.

बाकीचा उपचार घरातच करायचा आहे. निवृत्तीनंतर राहायचे कुठे, हा प्रश्न यजमानांनी एकट्याने मनात न घोळवता तिच्याबरोबर बसून सोडवावा. अर्धवट भीतीपेक्षा कागदावर मांडलेला हिशेब मनाला सोसतो. मुलांनी रविवारी ‘‘आई, कशी आहेस?’’ एवढ्यावर फोन न ठेवता आजीच्या आठवणी काढाव्यात, तिला रडू आले तर रडू द्यावे. नणंदेने देवाजवळ बसायला जरूर सांगावे, पण स्वतःही आठ दिवस येऊन वहिनीजवळ बसावे. शेजारणीने ‘‘भाभी, चला,’’ म्हणत रोज सकाळी दारात उभे राहावे आणि तिने नाही म्हटले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे. पहिले काही दिवस ती कोपऱ्यापर्यंतच जाईल. तेवढे चालणेही मोजावे.